आजीच्या लुगड्यातून सावित्रीबाई

(सामुदायिक रेडिओवर डिसेंबर महिन्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मी कवठे महांकाळ तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. एरवी मी तुमच्याशी हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं यावर बोलते. आज मात्र शिवणकामावर बोलणार आहे. तीन जानेवारी जवळ आली आहे. सावित्रीबाई फुल्यांची जयंती. शाळाशाळांतून बालिका दिन साजरा होतो, आणि आठ दिवस आधी घरी चिठ्ठी येते, नाहीतर मोबाइलवर निरोप येतो : ‘वेशभूषा स्पर्धा आहे, पाल्यास पोशाख करून पाठवावे.’

हा निरोप आला की काही घरांत आनंद होतो आणि काही घरांत आईच्या पोटात गोळा येतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तीन जानेवारीलाच मी एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. द्राक्षांचे दिवस, बाया बागेतल्या कामावरून घाईघाईनं आलेल्या. एकीच्या मांडीला टेकून तिची मुलगी बसली होती, दुसरीत शिकणारी. मी सहज विचारलं, “काय गं, आज शाळा नाही का?” पोरगी काही बोलली नाही. आईच म्हणाली, “शाळा हाय ओ ताई. पर सगळ्या पोरी नटून येणार. भाड्याचा पोशाख तीनशे रुपय. हिच्याकडं काय न्हाई म्हणून रडाय लागली. मग म्हटलं, ऱ्हाऊ दे आजच्या दिस घरी.”

त्या दिवशी बैठकीत माझं लक्ष लागलं नाही. मुलींनी शाळेत यावं म्हणून ज्या बाईनं अंगावर शेणमाती झेलली, तिच्याच जयंतीला एक मुलगी शाळेत गेली नाही. कारण काय, तर सावित्रीबाईसारखा पोशाख नाही! यात शाळेचा हेतू वाईट नव्हता आणि आईचाही नव्हता. पण पोशाख म्हणजे विकत किंवा भाड्यानं आणायची वस्तू, हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते काढायचं म्हणून आजचं हे बोलणं.

आधी माझी स्वतःची फजिती सांगते. माझ्या मुलीसाठी मी एकदा पोशाख भाड्यानं आणला होता. अडीचशे रुपये भाडं आणि पाचशे रुपये अनामत. तयार शिवलेली नऊवारी, चकचकीत कापड, जरीचा काठ. कमरेचं इलॅस्टिक इतकं घट्ट की पोरीच्या पोटावर वळ उठले. पदराला सात-आठ पिना लावल्या, त्यातली एक मानेला टोचत होती. तिला लघवीला लागली, पण पिना सोडून पुन्हा कोण लावणार, म्हणून ती तशीच बसून राहिली. नंबर आला तेव्हा पाठ केलेलं सगळं विसरली आणि रडत खाली उतरली. पोशाख परत द्यायला गेले तर काठावर डाग पडला म्हणून अनामतीतले दोनशे कापले. साडेचारशे रुपये गेले ते गेले, वर पोर पुढं महिनाभर ‘मी स्टेजवर जाणार नाही’ म्हणत होती. तेव्हा ठरवलं, पोशाख घरीच शिवायचा, आणि पोरीला त्यात पळता, बसता आणि लघवीला जाता आलं पाहिजे.

आधी सावित्रीबाई कोण होत्या ते आठवूया

शिवायला बसण्याआधी एक गोष्ट. पोशाख म्हणजे जरी आणि दागिने नव्हेत. सावित्रीबाई आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात नायगाव आहे, तिथं ३ जानेवारी १८३१ ला त्यांचा जन्म झाला. लहानपणी १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झालं. जोतीरावांनी त्यांना शिकवलं आणि १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेत जाताना वाटेत लोक अंगावर चिखल, शेण टाकत. म्हणून त्या पिशवीत एक जादा लुगडं घेऊन जात. शाळेत पोचल्यावर खराब झालेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. पुढं पुण्यात प्लेग आला तेव्हा रुग्णांची सेवा करता करता त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

आता सांगा, या बाईचा पोशाख कसा असेल? चकचकीत की साधा? साधं सुती लुगडं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, कपाळावर मोठं कुंकू. आणि हातात ती पिशवी, पिशवीत दुसरं लुगडं. माझ्या मते खरा पोशाख ती पिशवीच आहे. बाकी सगळं तर आपल्या प्रत्येकीच्या घरात पेटीत पडलेलं आहे.

कापड कोणतं घ्यायचं

एक जुनी सुती सहावारी साडी घ्या. सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. आजीची, सासूची, आईची, कुणाचीही चालेल. फक्त कापण्याआधी विचारा! मी न विचारता कात्री लावणार होते, तेवढ्यात आमच्या आत्ती म्हणाल्या, “अगं, ती माझ्या भावानं घेतलेली हाय.” मग त्यांनीच दुसरी काढून दिली.

साडी आधी धुऊन, इस्त्री करून उजेडात धरा. जिथं कापड विरलंय तिथं खडूनं खूण करा आणि तो भाग टाळा. साडी सुती आहे की नाही हे कळत नसेल तर पदराचा एक दोरा ओढून चिमट्यात धरा आणि जाळून बघा. सुती दोरा कागदासारखा वास येऊन जळतो आणि राख होते. नायलॉन, पॉलिस्टरचा दोरा आक्रसतो, त्याची कडक गोळी होते आणि प्लॅस्टिकसारखा वास येतो. हे तपासायचं कारण असं की कार्यक्रमात फोटोसमोर समई लावलेली असते. पोरं हार घालायला वाकतात आणि पदर पुढं येतो. सुती कापडसुद्धा पेटतं, पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. म्हणून शक्यतो सुतीच घ्या, आणि पोर समईजवळ जाईल तेव्हा कुणीतरी मोठं माणूस बाजूला असू द्या.

याशिवाय काय लागतं? ओटीत आलेला एखादा ब्लाऊज पीस, एक इंच रुंदीचं इलॅस्टिक, सात-आठ टिच बटणं आणि दोऱ्याचं रीळ. ब्लाऊज पीस घरचाच असेल तर साठ-सत्तर रुपयांत काम होतं.

मापं कशी घ्यायची

आता कागद-पेन्सिल घ्या. मी सात वर्षांच्या, साधारण दुसरीतल्या मुलीची मापं सांगते. तुमच्या मुलीची तुम्ही स्वतः घ्या, माझी तशीच उतरवू नका.

पहिलं माप कमरेपासून घोट्यापर्यंत : २८ इंच. दुसरं कमरेचा घेर : २१ इंच. तिसरं बैठकीचा घेर, म्हणजे जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं : २५ इंच. चौथं माप बऱ्याच जणी विसरतात. मुलीला खुर्चीवर ताठ बसवा आणि कमरेपासून खुर्चीच्या फळीपर्यंत बाजूनं मोजा. ते ८ इंच आलं. हे माप चुकलं की बसताना कापड फाटतं. पाचवं छातीचा घेर : २४ इंच.

जानेवारीत सकाळी थंडी असते. आत स्वेटर किंवा जाड बनियन घालणार असाल तर ते घालूनच छातीचं माप घ्या.

कापायचं कसं

साडी सहा वार, म्हणजे २१६ इंच लांब. पन्हा साधारण ४५ इंच.

पदराच्या बाजूनं दीड वार, म्हणजे ५४ इंच, आडवं कापून बाजूला ठेवा. हा झाला पदर.

उरलेल्या लांब कापडाचे उभे दोन भाग करायचे. खालच्या काठापासून वर ३४ इंच मोजा आणि लांबीभर सरळ कापा. ३४ कसे आले? कमर ते घोटा २८, नेफ्याला २ आणि टकला ४. टक म्हणजे आत दुमडून घातलेली आडवी चुणी. काठाच्या जरा वर दोन इंच खोल टक घातली की चार इंच कापड आत जातं. पोर वर्षात दोन-तीन इंच वाढते. पुढच्या वर्षी टक उसवली की पोशाख पुन्हा मापाचा होतो. ही टक तुकडे करण्याआधीच सगळ्या पट्टीला एकदम मोठ्या टाक्यांनी घालून घ्या, म्हणजे सगळीकडं सारखी येते. आता पट्टीची उंची ३० इंच राहिली. वरच्या बाजूनं निघालेली ११ इंची काठाची पट्टी टाकू नका, ती कासोट्याला लागणार आहे.

मोठ्या पट्टीतून दोन पायांसाठी २५-२५ इंचांचे दोन तुकडे कापा. बैठकीचं माप जेवढं, तेवढी एका पायाची रुंदी, हे लक्षात ठेवा. मग निऱ्यांसाठी ४५ इंचांचा एक तुकडा. एवढं करूनही साठ-पासष्ट इंच कापड उरतं. त्यातून एक वार आणि पिशवीपुरतं कापड बाजूला काढा. विरलेला भाग असेल तर तो इथंच सोडून द्या.

शिवायचं कसं

हे लुगडं नेसवायचं नाही, विजारीसारखं पायातून चढवायचं आहे. म्हणून आधी साधी सैल विजार शिवायची.

पायाचा तुकडा काठ खाली ठेवून उभा दुमडा. जिकडं दोन कडा एकत्र येतात, तिकडं वरून ३ इंच आत खूण करा. तिथून सरळ खाली या आणि वरून ११ इंचांवर वळण घेत कडेला बाहेर पडा. ११ म्हणजे बसल्याचं माप ८, नेफा २ आणि सैलपणाला १. दुसरा पायही तसाच कापा. प्रत्येक पायाची वळणाच्या खालची शिवण मारा. मग एक पाय सुलटा करून उलट्या पायाच्या आत घाला, वळणाला वळण जुळवा आणि पुढून मागं एकच सलग शिवण मारा. या शिवणीवर दुसऱ्यांदा मशीन चालवा, कारण सगळा ताण इथंच येतो. वर दोन इंच दुमडून नेफा करा. इलॅस्टिक कमरेपेक्षा एकच इंच कमी घ्या, म्हणजे २० इंच. घालून बघा, इलॅस्टिकखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. खाली साडीचा काठ आहेच, त्यामुळं दुमडून शिवायचं काम वाचतं.

आता निऱ्या. ४५ इंचांच्या तुकड्याची वरची बाजू साडेतीन इंच कापून कमी करा आणि कडेला शिवण मारा. तीन-तीन इंचांच्या सात निऱ्या घाला. एकीला सहा इंच कापड जातं, म्हणजे बेचाळीस झाले आणि दोन्ही कडांना थोडं उरलं. या निऱ्या विजारीच्या पुढच्या बाजूला मधोमध, नेफ्याच्या लगेच खाली ठेवून शिवायच्या. इथं मशीन चालवू नका. एवढ्या थरांत सुई मोडते. दुहेरी दोरा घेऊन हातानं पक्के टाके घाला. गुडघ्याच्या उंचीवर निऱ्यांना आतून एक सैल टाका द्या, म्हणजे चालताना त्या पसरत नाहीत. निऱ्यांचा काठ पायांच्या काठापेक्षा अर्धा इंच वर राहिला पाहिजे, नाहीतर पायात अडकून पोर पडेल.

मग कासोटा. ती ११ इंची पट्टी घ्या आणि १४ इंच लांबीचा तुकडा कापा. काठ उभा ठेवा आणि तो वर दिसेल अशा बेतानं बारीक चुण्या घालून रुंदी चार इंचांवर आणा. वरचं टोक मागच्या बाजूला नेफ्याखाली मधोमध शिवा. खालचं टोक दोन पायांच्या शिवणी जिथं मिळतात तिथं शिवा. मध्ये कापड जरा फुगीर राहील, ते तसंच राहू द्या. बसताना ताण येत नाही आणि मागून बघितलं तर अगदी नेसलेला काष्टा वाटतो.

पोलक्याचं फार सांगत नाही, तुम्हा सगळ्यांना येतं. छातीच्या मापात तीन इंच सैल धरा, बाह्या कोपरापर्यंत ठेवा, पुढं टिच बटणं लावा. लहान बोटांना हुकापेक्षा टिच बटण सोपं जातं.

पदराचा पन्हा लहान मुलीला मोठा होतो. तो ३० इंचांवर दुमडून हातानं टाके घाला, कापू नका. पदराचं टोक विजारीच्या उजव्या कमरेला तीन टिच बटणांनी लावायचं. तिथून छातीवरून डाव्या खांद्यावर, पाठीवरून फिरवून उजव्या खांद्यावर पुढं आणायचा. डाव्या खांद्यावर पोलक्याला एक टिच बटण आणि पुढच्या टोकाला एक. झालं. एकही पिन नाही. लघवीला जायचं असेल तर पोर स्वतः पदर सोडू शकते आणि स्वतः लावू शकते. आदल्या दिवशी घरी दोनदा तिच्याकडून हे करून घ्या.

कुंकू म्हणून मोठी मरून टिकली लावा. ओल्या रंगानं कुणाकुणाच्या कपाळाला आग होते. गळ्यात घट्ट दोरा बांधू नका. दागिन्यांची गरजच नाही.

पिशवी आणि दुसरं लुगडं

उरलेल्या कापडाची साधी दोन बंदांची पिशवी शिवा. बाजूला काढलेलं एक वार कापड घडी करून पिशवीत ठेवा. हे दुसरं लुगडं. आणि मग मुलीला मांडीवर घेऊन ही गोष्ट सांगा. पाठ करायला लावू नका, नुसती सांगा. माझी मुलगी पुढच्या वर्षी स्टेजवर गेली तेव्हा लिहून दिलेलं भाषण विसरलीच. पण तिनं पिशवीतून लुगडं काढून दाखवलं आणि म्हणाली, “हे दुसरं. पहिलं लोकांनी घाण केलं. मी बदलते आणि शिकवायला जाते.” आणि खाली उतरली. तिचा नंबर आला नाही, पण ती रडली नाही.

गटाची पोशाख-पेटी

आता बचत गटाचं काम. एक पोशाख शिवायला दोन दुपारी लागतात. वर्षातून एक दिवस घालून तो पडून राहतो. म्हणून आमच्या एका गटानं पेटी केली. लहान, मधलं, मोठं अशा तीन मापांचे तीन पोशाख. साड्या तिघींनी दिल्या, इलॅस्टिक-बटणांचे पैसे गटातून खर्ची टाकले आणि शिवणाऱ्या दोघींना मजुरी दिली. इतिवृत्तात ठराव लिहिला : गटातल्या आणि गावातल्या कुठल्याही मुलीला पोशाख मिळेल, अनामत नाही, परत देताना धुऊन द्यायचा, दुरुस्तीसाठी वीस रुपये, आणि ज्या घरात तेही जमत नाही तिथं वीस रुपयेही नाहीत. नोंद वहीत ठेवायची, पण कुणी पैसे दिले नाहीत ते बैठकीत वाचून दाखवायचं नाही. हा शेवटचा नियम बायांनीच घातला.

हीच पेटी वर्षभर चालते. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती : तेच लुगडं, फक्त खांद्यावर शेला. १९ फेब्रुवारीला शिवजयंती : निऱ्या आणि कासोटा न लावता तीच विजार शिवली की मावळ्याची सुरवार झाली, वर अंगरखा आणि मुंडासं. आषाढीला शाळेची दिंडी निघते, तेव्हा त्याच लुगड्यात डोक्यावर तुळस घेतलेली वारकरी बाई किंवा रखुमाई. आणि तीन जानेवारीला एकाच शाळेत दहा सावित्रीबाई झाल्या तर बिघडलं काय? एकीला त्यांच्या सहकारी फातिमा शेख करा, मुलग्याला पागोटं-उपरणं देऊन जोतीराव करा, आणि दोघी-तिघींना नुसती पाटी देऊन भिडे वाड्यातल्या विद्यार्थिनी करा. विद्यार्थिनीला तर पोशाखही लागत नाही. शाळेत जाणारी प्रत्येक मुलगी ती आहेच.

शेवटी एकच सांगते. दोन वर्षांपूर्वी जी मुलगी घरी बसली होती, ती गेल्या वर्षी पेटीतला मधल्या मापाचा पोशाख घालून शाळेत गेली. पदर सारखा घसरत होता, कारण आईनं खांद्याचं बटण लावायचं राहून गेलं होतं. पण गेली. तुमच्या गावात, तुमच्या वाडीत अशी कुठली मुलगी पोशाखावाचून घरी राहणार आहे का, हे या आठवड्याच्या बैठकीत विचारा. अजून दिवस आहेत. पेटीतली एक साडी काढा, उजेडात धरून बघा, आणि ज्यांची आहे त्यांना विचारून कात्री लावा.